डबल बेल

डुकरीण पिल्लावर बसली तेव्हा शेडात मी एकटीच होते.

पिल्लू एकदाच किंचाळलं आणि गप्प झालं. माझ्या डोक्यावर बसच्या घंटीची दोरी लोंबत होती. एक घंटी म्हणजे थांब, एवढं जन्मभर गाडीनं फिरून मला ठाऊक होतं. ओढली. टण्ण! डुकरीण थांबली तर नाहीच, उलट पाय पसरून आणखी ऐसपैस झाली.

तेवढ्यात उसाकडून मारुती धावत आला, हातात टमरेल. "आक्का, डबल द्या की! डबल!"

मी दोनदा ओढली. डुकरीण लगेच उठून उभी राहिली. खाली पिल्लू पडलं होतं, थापलेल्या भाकरीसारखं.

मारुती म्हणजे माझा शेजारी. आमचं गाव हातकणंगले तालुक्यात. तीस वर्षं तो लाल गाडीवर कंडक्टर होता, त्यातली निम्मी कोल्हापूर-गारगोटी मार्गावर. नोकरी सुटली, पण कंडक्टरकी काही सुटली नाही. रिटायर झाल्यावर त्यानं डुकरं पाळली. "डुकरं न्हवं आक्का, वराहपालन," म्हणायचा. मी म्हणायचे, "वास तर डुकराचाच येतोय."

भंगारातल्या बसचे दांडे आणून त्यानं शेडाच्या भिंतींना जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवले. डुकरीण भिंतीला टेकून आडवी झाली, तरी दांड्याखालून पिल्लाला निसटायला जागा राहते. त्याच बसची घंटीही आणली. एक घंटी दिली की डुकरीण आडवी होते. डबल दिली की उठते, कारण डबलनंतर खाण्याची बादली येते. हे तिला शिकवायला त्याला चार महिने लागले. माझ्या थोरल्याला पाढे शिकवायला मास्तरांना याहून जास्त लागले होते.

डुकरिणीचं नाव निमआराम. का, तर म्हणे अर्धा दिवस लोळते.

पिल्लं प्यायला लागली की मारुती दाराशी उभा. "चला, सरका! पुढं जागा हाय!" पुढच्या सडांना दूध जास्त, त्यामुळं दांडगी पिल्लं तेच धरतात. मारुती त्यांना कानाला धरून उठवायचा. "ए पैलवान, ही सीट अशक्तासाठी राखीव हाय. मागं जा." पहिला चीक पोटात गेला म्हणजे तिकीट निघालं, असा त्याचा हिशेब. "बिगरतिकिटाचं एकबी चालायचं न्हाय."

शेडात त्याच बसची दोन माणसांची सीट आहे. तिच्या शेजारी खिडकी नाही, पण खिडकीकडची बाजू कोणती ते मारुतीला ठाऊक. तिथं मी एकदा टेकले तर म्हणाला, "उठा आक्का, रिझर्व्ह हाय." मी पोत्यावर बसले. तीन वर्षं पोत्यावरच बसतेय.

ती जागा सुशीलाची, त्याच्या बायकोची. ती गारगोटीची. त्यांचं जमलं तेही गाडीतच. गाव म्हणतं, ती डुकरांच्या वासाला कंटाळून माहेरी भावाकडं गेली. गावाला काय कळतंय? पहिल्या विणीला नऊ पिल्लं झाली, तेव्हा ना भिंतीला दांडे होते, ना बल्ब लावलेली उबेची पेटी. सहा मेली. काही आईखाली दबून, काही गारठून. सुशीलानं सहाही आपल्या हातानं पुरली. खड्डा मी उकरला. तिनं हात धुतले, पिशवी भरली. "एका विणीची समदी पिल्लं जगवून दावा, मग येते," एवढं बोलली आणि गारगोटीची गाडी धरली.

बाई रागात बोलली. पण हा पडला कंडक्टर. त्यानं ते टाइमटेबल धरलं.

तेव्हापासून दर विणीला एखाददुसरं जायचंच. मारुती गारगोटीला फोन लावून आकडा सांगायचा. पलीकडून काही न बोलता फोन ठेवला जायचा.

या खेपेला पहाटे अकरा पिल्लं झाली. पहिलं मेलेलंच आलं, दहा जिवंत. मारुती दोन दिवस शेडातून हलला नव्हता. दिवस वर आल्यावर मला म्हणाला, "आक्का, धा मिनिटं गाडी संभाळा, पोटात गडबड हाय." त्या दहा मिनिटांत एक पिल्लू माझ्या डोळ्यांदेखत पेटीतून निसटलं, निमआराम त्याच्यावर बसली आणि मी चुकीची घंटी दिली.

मारुतीनं पिल्लू उचललं. बोटानं तोंडातली चिकटी काढली, मागच्या पायांना धरून उलटं केलं आणि गोणपाटानं खसाखसा चोळायला लागला. निळं पडलं होतं.

"गेलं ते," मी म्हणाले.

"स्टॉप आला न्हाय अजून," तो म्हणाला आणि चोळत राहिला.

पिल्लाला उचकी आली. मग दुसरी.

त्यानं खुंटीवरची कंडक्टरची चामडी पिशवी गळ्यात अडकवली. तळाला गरम पाण्याची बाटली, त्यावर फडकं, त्यावर पिल्लू. निमआरामचा चीक वाटीत काढून ड्रॉपरनं थेंब थेंब पाजला. "तीन दिस म्हंजे घाट, आक्का. घाट उतरला की गाडी आपसूक चालती." तीन दिवस ती पिशवी गळ्यातच. साखर आणायला गेला तरी पिशवीतून ओलं नाक बाहेर. दुकानदार म्हणाला, "काय मारुतराव, हाफ तिकीट का?"

"पाळण्यातल्याला तिकीट नसतंय," मारुती म्हणाला.

चौथ्या दिवशी त्यानं पिल्लू खाली सोडलं. ते धडपडत गेलं आणि त्यानं स्वतः सड धरला. पुढचा. मारुतीनं फोन काढला.

मी म्हणाले, "समदी जगली म्हणून सांग. पहिलं मेलेलंच आलं, ते कशाला मोजतोस?"

"गाडीत चढलं हुतं की," तो म्हणाला. "तीस वर्सं डोकी मोजली आक्का, एकदाबी खोटी न्हाई मोजली. आता तिला खोटं सांगून बोलवू व्हय?"

त्याला फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून तो स्पीकर लावूनच बोलतो. "अकरा झाली. धा हायत," त्यानं सांगितलं. मग दबलेल्या पिल्लाचं सांगितलं. माझी चुकीची घंटीही लपवली नाही मेल्यानं.

या खेपेला पलीकडून फोन ठेवला गेला नाही.

"ते दबलेलं पितंय का?" सुशीलाचा आवाज. तीन वर्षांनी ऐकला मी.

"पितंय. पुढच्या सीटवर हाय."

"बरं." मग म्हणाली, "पुढच्या खेपंला बघू."

फोन बंद झाला. मारुती उठला, फडकं घेतलं आणि खिडकीकडची बाजू पुसायला लागला. धूळ नव्हतीच तिच्यावर.

"ऐकलासा का आक्का? बघू म्हनली."

"ऐकलं की. मी काय बहिरी हाय?" मी म्हणाले आणि पोत्यावर बसले.

दहा पिल्लं जगली. दबलेलं धरून.