हरीनानांच्या वंशावळीतले परके

आमचे घरमालक हरीनाना पाटील वर्षातून पंधरा-वीस वेळा सुतकात असतात. घरातलं कुणी गेलेलं नसतं. गेलेला माणूस शंभर-दीडशे वर्षांपूर्वी, बहुतेक वेळा परदेशात गेलेला असतो आणि नानांशी त्याचं नातं आदल्या दिवशी दुपारी जुळलेलं असतं.

हे नातं जुळवतं एक संकेतस्थळ. नानांचा मुलगा कॅनडात असतो. बापाचा वेळ जावा म्हणून त्यानं घराण्याचा इतिहास शोधून देणाऱ्या कुठल्याशा कंपनीची वर्गणी भरली. आपण आपल्या आईबापाची, आजाआजीची नावं टाकायची. मग ते यंत्र जगभरच्या नोंदी चाळतं आणि सांगतं, 'तुमचा पूर्वज सापडला.' खाली दोन बटणं असतात, हो आणि नाही. नानांनी आजवर 'नाही' दाबलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी सीवूड्सच्या गावठाणात त्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते. यंत्राचं इंग्रजी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. दुपारी खालून हाक येते, "पोरी, खाली ये. एक जन गावलाय." मी जाते. नाना हाफ पँट आणि बनियनमध्ये, गळ्यात गोफ, नाकावर चष्मा, मांडीवर टॅब घेऊन बसलेले असतात. भिंतीवर त्यांनी वंशवृक्ष चिकटवलाय. तो मी वाटायला आणलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर काढलेला आहे. पत्रकं कंत्राटी सफाई कामगारांच्या हक्कांची होती. आता त्यांच्या पाठीवर स्कॉटलंडचा एक कप्तान बसलाय.

तो कप्तान म्हणजे नानांचा आजा पोशा. खरा पोशा मिठागरात डोक्यावरून टोपल्या वाहायचा. यंत्रानं त्याला तीन शिडांचं जहाज दिलं.

"नाना, हा माणूस गोरा आहे."

"मिठात काम केल्यावर मानूस पांढराच दिसतो."

"हा एडिंबरोत वारला."

"पानी खारंच हाय ना दोनी ठिकानी? आपलाच हाय. कागद जरा इकडंतिकडं झाला असंल."

कागद इकडंतिकडं होतो, माणूस आपलाच असतो, हा नानांचा सिद्धांत. यंत्रानं एकदा त्यांच्या आईचा जन्म त्यांच्या स्वतःच्या जन्मानंतर अकरा वर्षांनी दाखवला. मला वाटलं, आता तरी सुटले. नाना शांतपणे म्हणाले, "आईचा जन्म कुनी लिवून ठेवला होता? ज्यानं लिवला त्याला सवड मिलाली तेवा झाला."

सुतकाचं प्रकरण मात्र काकींना जड गेलं. काकी म्हणजे नानांची बायको. नवा मृत पूर्वज सापडला की नाना अंघोळ करून येतात, देवाजवळ दिवा लावत नाहीत आणि त्या दिवशी घरात मासळी शिजू देत नाहीत. गावातल्या भटजींनी समजावलं की इतक्या जुन्या मरणाला नुसती अंघोळ पुरते. नाना म्हणाले, "तुमाला पुरंल. तुमचा कोन लागतो तो?" काकींनी शेवटी तह केला, बुधवारी आणि रविवारी टॅब उघडायचा नाही. तरी एका बुधवारी नानांनी चोरून उघडला आणि फिजी बेटावरची एक आत्या निघाली. काकी साफ केलेलं पापलेट हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. "ती मेली इंग्रजांच्या राज्यात," त्या म्हणाल्या, "आनि सडायचं माज्या पापलेटानं."

यंत्र जिवंत माणसांच्याही जोड्या लावतं. नागपूरच्या एका पाटलांशी त्यानं नानांचं चुलतपण जुळवलं. नानांनी त्यांना जत्रेचं आमंत्रण पाठवलं. ते खरंच आले, बायकोला घेऊन, आणि दारातच म्हणाले, "अहो, आपलं काही एक नातं नाही. तुम्ही फोन उचलत नव्हता, मुंबईला काम होतं, म्हटलं समक्ष सांगावं."

"सांगितलंस ना? आता हातपाय धू."

"पण आम्ही माळकरी आहोत."

"मंग भाकरी, वालाची भाजी खा. भावाकडून उपाशी जातंस का?"

ते गृहस्थ दोन दिवस राहिले. जाताना नानांच्या पाया पडले. अजून दिवाळीला फोन येतो, आणि प्रत्येक फोनच्या सुरुवातीला ते नातं नसल्याचं स्पष्ट करतात.

मी या सगळ्याशी तत्त्वानं भांडत होते. मी म्हणायचे, हे यंत्र माणूस ओळखत नाही, नुसतं नाव आणि साल जुळवतं. तुमच्या आनंदावर धंदा चालवतं. तुम्ही एक चूक मान्य केली की ती दुसऱ्याच्या झाडावर जाते, तिथून तिसऱ्याच्या, आणि चार ठिकाणी लिहिली गेली की तीच पुरावा होते. खोटं असंच खरं होत आलंय. नाना ऐकून घ्यायचे. "तू नाय म्हनायला शिकलीस, बरं केलंस," म्हणायचे, "माजा हात तिकडं जात नाय." मला तो हट्ट वाटायचा, रिकाम्या बसलेल्या म्हाताऱ्याचा.

गेल्या मार्गशीर्षातल्या एका सकाळी हाक आली नाही. काकीच वर आल्या. "खाली चल," एवढंच म्हणाल्या.

नानांनी टॅब जमिनीवर पालथा ठेवला होता. मी उलटा केला. 'चांगुणा गोमा पाटील. वडील : गोमा. मृत्यू, उरण तालुका.' चार वर्षांपूर्वीची नोंद. गोमा हे नानांच्या वडिलांचं नाव.

"ही कोण?"

"बहीन."

दोन वर्षं मी तो वंशवृक्ष पाहत होते. तिथे फिजीची आत्या होती. बहीण नव्हती.

नानांनी सांगितलं ते थोडक्यात असं. बाप गेल्यावर शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात भूखंड मिळायचा होता. त्यासाठी स्टँपपेपरवर वंशावळ लिहून द्यावी लागते, शपथेवर. कागद तयार करणारा म्हणाला, नावं कमी तर सह्या कमी. नानांनी लिहून दिलं की मयत गोमा यांना मी एकटाच मुलगा, दुसरं अपत्य नाही. चांगुणा तेव्हा उरणकडच्या गावात नांदत होती. तिला कळलं. भाऊबीजेला ती आली, ओवाळलं नाही, फक्त विचारलं, "खरं का?" नाना उठून आत गेले. ती गेली. त्याला बावीस वर्षं झाली.

"यंत्रात तिचं नाव परवा टाकलं," नाना म्हणाले. "दोन वर्सं धीर झाला नाय. जे कोन येतील त्यांना घेत बसलो. एकदा एक नाव गाळून बघितलंय मी."

मी त्या स्टँपपेपरबद्दल जे बोलले ते काकींनी ऐकलं, शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. आमच्या या चकचकीत शहराखाली अशा किती लेकी पुरल्यात याची मोजदाद कुणी केलेली नाही. नानांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "ते सगलं खरं. पन हा यंत्राचा कागद खोटा हाय. सांग ना. रोज सांगतेस."

अंघोळीचं पाणी तापून तयार होतं. त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

मी म्हटलं, "मला नाही सांगता येत. जाऊन बघायला पाहिजे."

काकींनी आतून शर्ट आणून त्यांच्या खांद्यावर टाकला.

नानांनी गाडी काढली. उरणच्या रस्त्याला कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक लागले होते. नाना पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, चांगुणा नावाच्या बाया किती असतील? जासईच्या पुढे मला राहवेना.

"नाना, ताईंच्या नवऱ्याचं नाव काय?"

"धर्मा. धर्मा ठाकूर."

"मग लग्न झालेल्या बाईच्या नावापुढं बापाचं नाव कसं येईल? ही कुणा गोमा पाटलांची बायको आहे. आपल्याकडे मधलं नाव नवऱ्याचं, हे यंत्राला कुठून माहीत? त्यानं नवऱ्याला बाप केलं."

नानांनी गाडी कडेला घेतली. बराच वेळ हॉर्न वाजत राहिले.

"हे तुला घरीच कललं होतं?"

"हो."

"मंग सांगितलं का नाय?"

"तुम्ही शर्ट घातला नसता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वळायला पुढेच जागा होती. मी म्हटलं, "ही बाई ती नाही. पण ताई आहेत की नाहीत, हे यात कुठंच लिहिलेलं नाही."

नानांनी गाडी सुरू केली. वळले नाहीत.

गावात धर्मा ठाकूरांचं घर एका पोरीनं लगेच दाखवलं. अंगणात एक बाई जुन्या लुगड्यावर मिरच्या वाळत घालत होती. कपाळ आणि हनुवटी अगदी नानांची. नाना फाटकाशी थांबले. बाईनं वर पाहिलं, डोळ्यांवर हात धरला. ओळख पटल्याचं तिनं दाखवलं नाही.

"कोन पायजे?"

नानांनी फाटकाची कडी काढली. म्हणाले, "यंत्रात तुला मेलेली दाखवली. म्हनून आलो."

ती मिरच्या पसरत राहिली.

"तुज्या कागदात मी जन्मलीच नवती, दादा," ती म्हणाली. "मंग मेली कशी?"

नाना तिथेच उभे राहिले. सावली सरकून अर्ध्या मिरच्यांवर आली होती. तिनं लुगड्याची दोन टोकं उचलली आणि समोरच्या दोन टोकांकडे हनुवटीनं खूण केली. नाना पुढे झाले, वाकले, टोकं धरली. दोघांनी ते ओझं उचललं आणि नाना मागे मागे चालत उन्हाकडे निघाले.

"सावकाश," ती म्हणाली. "मागं पायरी हाय."