सासूबाईंचं मँगोस्टीन आणि माझी देखरेख

झाडाला काय लागतं? पाणी! आणि पाणी घालायला काय लागतं? हात! ते माझ्याकडे चांगले दोन आहेत. ऑफिसात बावीस माणसं सांभाळणाऱ्याला एक कुंडी जड जाणार का? सासूबाई आठ दिवसांसाठी बहिणीकडे निघाल्या, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "आई, तुम्ही बिनघोर जा!"

बायको हळूच म्हणाली, "झालं!"

सासूबाई शहात्तर वर्षांच्या. शाळेच्या प्रयोगशाळेत हयात गेली. निवृत्तीनंतर लोक गुडघे धरून बसतात. यांनी मँगोस्टीन धरलं! जांभळी, जाड सालीची फळं. आत लसणाच्या पाकळ्यांसारखा पांढराशुभ्र गर. बी जरा सुकलं की मेलं. सहा वर्षांत बावीस बिया रुसल्या. तेविसावी आत्ता कुठे उगवली! "फळ दहा वर्षांनी येतं हो," कुणी तरी खवचटपणे म्हणालं. सासूबाई म्हणाल्या, "मग आज नको का पेरायला?" अशी बाई!

तिसऱ्या दिवशी मी कुंडीकडे नीट पाहिलं. मधोमध एक टवटवीत, हिरवंगार, बाळसेदार रोप. शेजारी लालसर, किडकिडीत काडी. म्हटलं, हे तण आमच्या मँगोस्टीनचं अन्न खातंय! धरली काडी, उपटली. खालचं बी फुटून दोन तुकडे झाले.

बायकोनं कुंडीत डोकावून विचारलं, "अहो, आईचं झाड कुठंय?"

"हे काय, केवढं फोफावलंय!"

"तो टोमॅटो आहे!"

बायको म्हणाली, "आत्ताच्या आत्ता फोन करून सांगा." पण सहा वर्षांची तपश्चर्या मी दोन बोटांनी संपवली, हे सांगायला जीभ रेटेना. तुकडे ओल्या रुमालात गुंडाळून डबीत ठेवले. पुरावा नष्ट करायलाही धाडस लागतं हो! मग नर्सरी गाठली.

"मँगोस्टीन आहे?"

"आहे ना!" नर्सरीवाल्यानं मागं न बघता हात घातला आणि एक रोप काढलं. देव भेटल्यासारखं वाटलं.

सासूबाई आल्या. चपला काढायच्या आधी भिंग काढलं.

"जावईबापू, आठ दिवसांत सहा पानं?"

"मी रोज त्याच्याशी बोलत होतो," मी म्हणालो. बायकोला ठसका लागला. मँगोस्टीनचं पान सासूबाईंनी तरी आधी कुठं पाहिलं होतं!

मला वाटलं, सुटलो. कसलं काय! रविवारी सासूबाईंचे दहा झाडवेडे दोस्त आमच्या हॉलमध्ये हजर. मला मधल्या खुर्चीत बसवलं. "सांगा तुमची पद्धत!" मी सांगत सुटलो: सकाळी गोड बोलायचं, दुपारी अंमळ रागवायचं... एक निवृत्त बँक मॅनेजर सगळं वहीत उतरवून घेत होते! सासूबाई कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या, आणि ते बघणंच सहन होत नव्हतं.

एवढ्यात एका बाईंनी पान चुरगळून नाकाशी नेलं. "अगंबाई, हे तर लिंबू!"

वीस डोळे माझ्यावर. सासूबाईंचे दोन धरून बावीस. मी सगळं ओकलो. काडी, टोमॅटो, नर्सरी, सगळं. सासूबाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी एकच विचारलं, "तुकडे कुठायत?"

मी डबी आणली. त्यांनी भिंग लावलं. "ओल आहे अजून," त्या पुटपुटल्या. आणि उठल्याच! पदर खोचला, दोन कुंड्या घेतल्या, दोन्ही तुकडे पेरले. "या बीचे तुकडे केले तरी एकेक तुकडा उगवू शकतो, असं वाचलं होतं. पण होतं नव्हतं ते एकच बी, कापायचा धीर कुणाला होणार?" आवाजात राग नावाला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दीड महिना त्या दोन कुंड्यांपुढे भिंग घेऊन बसल्या. आणि एका सकाळी हाक आली, "या सगळे!" दोन्ही कुंड्यांत लालसर टोकं! शहात्तराव्या वर्षी ही बाई टाळ्या पिटत होती. मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. एवढी चिकाटी माझ्या बावीस माणसांत मिळून नाही, आणि माझ्यात तर नाहीच नाही.

परवा त्यांना पुन्हा बहिणीकडे जायचं होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं. "जावईबापू, तुमच्यावर एक मोठी जबाबदारी टाकायची आहे."

मी पुन्हा छाती फुगवली. "सांगा ना, आई!"

"मी येईपर्यंत तुम्हीही कुठे तरी बाहेरगावी जाऊन या," असं म्हणत त्यांनी तिकीट माझ्या हातात ठेवलं.

खिडकीजवळची जागा होती, एवढं मात्र कबूल करायला हवं!