मेतकूट आणि गोल्ड कार्ड

काही लोक सिगारेट सोडतात. मी २००५ साली विमानतळावर रांगेत उभं राहणं सोडलं.

त्या साली एका परदेशी विमान कंपनीने मला गोल्ड कार्ड दिलं. मी मूळचा मिरजेचा, रंगनाथ खाडिलकर. बँकेची बदली झाली म्हणून जयपूरला आलो. पुढे बँक सोडली, जयपूर सुटलं नाही. जौहरी बाजारातल्या एका शेठजींच्या पेढीवर एक्स्पोर्ट मॅनेजर झालो. शेठजींचे पन्ने, म्हणजे पाचू, ज्या देशात जात, तिथे मलाही दर दोन-तीन महिन्यांनी दोन दिवसांसाठी जावं लागे. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या विमानतळावर सुरक्षा फार कडक आहे, आणि तिथली माणसं सगळं वाचतात.

बनी पार्कातल्या आमच्या गल्लीत या कार्डाला मान होता. कोणी पहिल्यांदा विमानाने निघालं की आधी माझ्याकडे येई. मी त्यांना सगळं सांगत असे. कार्डवाल्यांचं काउंटर वेगळं असतं, दार वेगळं असतं, आत सोफे असतात, सँडविचेस असतात, ती हवी तेवढी घेता येतात. माणसं ऐकून घेत आणि रांगेत उभी राहायला जात.

"माझे ऐंशी हजार मैल साठलेत," मी एकदा जेवताना म्हणालो.

आमच्या भार्गवीचं अर्धं मराठी हिंदीतून येतं. ती ताटावरून मान वर करून म्हणाली, "मैल साठला? मतलब, आंघोळ नाही केली का बाबा?"

ते मैल नोव्हेंबर २००७ अखेर बाद होणार होते. त्यात एक फुकट तिकीट बसत होतं. म्हणून पुढच्या फेरीला मी रत्नमालेला, म्हणजे माझ्या बायकोला, बरोबर न्यायचं ठरवलं. त्याच आठवड्यात रविवारी भार्गवीचा साखरपुडा होता.

"साखरपुडा तोंडावर आलाय आणि आपण परदेशात?" रत्नमाला म्हणाली.

"शुक्रवारी तिथून निघायचं, शनिवारी घरी. मी चौदा वेळा केलंय हे."

मुक्काम छान झाला. रत्नमालेने समुद्र पाहिला. आमच्या तिथल्या व्यापाऱ्याच्या बायकोने तिला घरी जेवायला बोलावलं. एकीला मराठी आणि मोडकं इंग्रजी येत होतं, दुसरीला फक्त तिची भाषा, आणि तरी दोघी तीन तास बोलत होत्या.

शुक्रवारी विमान दुपारी चारचं होतं. तिकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, तीन तास आधी या. रत्नमाला अकरा वाजता पायात चपला घालून खोलीत बसली.

"ते तीन तास सर्वसाधारण प्रवाशांसाठी असतात," मी सांगितलं. "आपण दोनला पोचलो तरी पुष्कळ झालं."

तिने चपला काढल्या नाहीत.

दोनला पोचलो. बॅगा तपासायच्या आधी तिथे प्रत्येकाला प्रश्न विचारतात. त्या रांगेत शंभरेक माणसं होती. मी रत्नमालेचा हात धरून सरळ पुढे गेलो आणि तिथल्या मुलीसमोर कार्ड ठेवलं. मुलगी आमच्या भार्गवीएवढी असेल. केस मागे घट्ट बांधलेले, कमरेला वायरलेस. तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"छान आहे," ती इंग्रजीत म्हणाली आणि कार्ड परत दिलं. "पासपोर्ट?"

तिने पासपोर्ट चाळायला घेतला. एकेक शिक्का बोटाने मोजला.

"तीन वर्षांत पंधरा वेळा आलात. दर वेळी दोनच दिवस. का?"

व्यापार, एवढं एक उत्तर पुरलं असतं. पण रत्नमाला शेजारी उभी होती, आणि मागे शंभर माणसं पाहत होती.

"मॅडम," मी म्हणालो, "हा विमानतळ मला माझ्या घरासारखा आहे. मी इथे डोळे मिटून फिरू शकतो."

"असं? कुठला भाग माहीत आहे?"

"सगळा. लाउंजच्या मागचं छोटं दारसुद्धा. तुमची माणसंही मला ओळखतात."

तिने वही काढली.

"कोणती माणसं?"

सँडविच ठेवणाऱ्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "बरीच आहेत." तिने तेही लिहिलं.

"बॅग कोणी भरली?"

या प्रश्नाचं बरोबर उत्तर सगळ्या जगाला माहीत आहे. "मी स्वतः."

"कोणी काही दिलंय का बरोबर न्यायला?"

"छे."

मग तिने वायरलेसवर दोन शब्द उच्चारले. कुठूनसा एक उंच तरुण आला आणि रत्नमालेला दहा पावलं लांब घेऊन गेला. मला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण मध्येच रत्नमालेने माझ्याकडे बोट केलं आणि मोठ्याने हसली. तो तरुण हसला नाही. तो परत आला, मुलीच्या कानाशी लागला, आणि मुलीने माझ्याकडे पाहिलं. तोवर ती मला 'सर' म्हणत होती. त्यानंतर नाही.

रत्नमालेने त्याला काय सांगितलं, ते मला नंतर कळलं. बॅग कोणी भरली, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "मी. यांना स्वतःचे बनियन कुठे असतात तेही माहीत नाही." आणि कोणी काही दिलंय का, यावर म्हणाली, "हो, व्यापाऱ्याच्या बायकोने एक पुडकं दिलंय, मुलीच्या साखरपुड्यासाठी. आत काय आहे ते मी पाहिलं नाही. दिलेली भेट उघडून बघायची पद्धत नाही आमच्यात."

मला एका खोलीत नेलं. खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि हातमोजे घातलेला एक माणूस होता. त्याने माझे बूट, पट्टा आणि घड्याळ घेतलं. मग आमची बॅग टेबलावर आली.

"आत काय आहे?" मुलीने विचारलं.

"शर्ट. कागदपत्रं. दाढीचं सामान."

हातमोजेवाल्याने बॅग उघडली. सगळ्यात वर एक प्लास्टिकची बरणी होती, आणि बरणीत पिवळसर पूड.

"हे काय आहे?"

मेतकुटाला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला आजही माहीत नाही. "पावडर," मी म्हणालो. हातमोजेवाला एक पाऊल मागे सरकला. मी घाईघाईने सांगितलं, "भाजलेल्या डाळींची. भातावर घालतात. म्हणजे, आजारी माणसाच्या."

"आजारी कोण आहे?"

"कोणी नाही."

बरणी दुसऱ्या खोलीत गेली. मग निघालं ते पुडकं. वर चकचकीत कागद, त्याला लाल फीत. हातमोजेवाल्याने ते फार सावकाश उघडलं. मीही पाहत होतो, कारण आत काय आहे हे मलाही माहीत नव्हतं. आतून पितळेची एक जड, लांबट नळी निघाली. ती मधून फिरत होती. आत काळे दाणे खच्चून भरले होते.

मला साखरपुड्याचा मांडव दिसला. त्यात भार्गवी बसली होती, आणि माझा पाट रिकामा होता.

नळीही दुसऱ्या खोलीत गेली. सव्वातीन झाले होते. निदान मला तसं वाटत होतं, कारण माझं घड्याळही त्या खोलीत होतं.

दहा मिनिटांनी मुलगी परत आली, आणि तिच्या मागे रत्नमाला. रत्नमालेच्या हातात कागदी कपात कॉफी होती. तिची चौकशी म्हणे सात मिनिटांत संपली होती. त्यानंतर तिने त्या मंडळींना मेतकूट कसं करतात ते सांगितलं, आणि खात्री पटावी म्हणून त्यांच्यासमोर चमचाभर खाल्लंही होतं.

"ती मिरे दळायची नळी आहे," मुलगी म्हणाली. ती समोर बसली आणि वही मिटली. "तुम्ही गुन्हेगार नाही, हे मला कळलंय. पण अडचण अशी आहे, की तुमच्या बायकोने आम्हाला सगळं खरं सांगितलं, आणि तुम्ही सगळं चांगलं सांगितलंत. मला तुमचं एक तरी उत्तर लिहून घ्यावं लागेल, ज्याच्यावर मी सही करू शकेन. पुन्हा विचारू?"

मी पायांतल्या मोज्यांकडे पाहिलं. डाव्या मोज्याला भोक होतं.

"बॅग मी भरली नाही," मी म्हणालो. "पंचवीस वर्षांत एकदाही भरलेली नाही. आत काय असतं मला माहीत नसतं. हा विमानतळ मला लाउंजपर्यंत माहीत आहे, आणि लाउंज सँडविचपर्यंत. ते छोटं दार स्वच्छतागृहाचं आहे. मला इथे कोणी ओळखत नाही. पंधरा वेळा आलो त्यात दर वेळी एका खोलीत बसून कागद तपासले. समुद्र परवा पहिल्यांदा पाहिला, कारण हिने हट्ट धरला."

मुलीने सगळं लिहून घेतलं. रत्नमाला कॉफी प्यायची थांबली होती.

"पंधरा वेळा आलात आणि समुद्र पाहिला नव्हता?" तिने मराठीत विचारलं.

"वेळ नसायचा."

"अहो, मग घरी येऊन समुद्राचं सांगायचात ते?"

मुलीने सही केली, बूट माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, "विमानाला बावीस मिनिटं आहेत. पळा."

पळणं आम्हाला जमलं नसतं, म्हणून त्यांनी दोन बंदूकधारी बरोबर दिले. ते पुढे, आम्ही मागे. वाटेतली प्रत्येक रांग फाकून उभी राहिली. माणसं आमच्याकडे बघत होती, एका बाईने पोराला जवळ ओढलं. विमानात शिरलो तेव्हा दार लावायला माणूस उभाच होता. रत्नमाला खिडकीशी बसली, तिने पट्टा बांधला आणि माझ्या हातात अर्धा कप कॉफी दिली.

"घ्या. गार झालीय."

आम्ही शनिवारी जयपूरला पोचलो. बॅग पोचली नाही. तिची तपासणी अजून संपायची होती. ती बुधवारी आली. साखरपुड्यासाठी शिवलेला माझा सूट तिच्यातच होता. रत्नमालेची पैठणी घरीच कपाटात होती, कारण चांगलं वस्त्र कोणी विमानात नेतं का, असं ती म्हणाली होती. माझ्या सुटाच्या वेळी मीच म्हणालो होतो की तिथल्या मीटिंगला लागेल.

रविवारी सकाळी शेजारचे सुभेदार सर्जेराव यांनी त्यांचा कोट दिला. सर्जेराव सहा फूट दोन इंच आहेत. मी पाच फूट चार. कोटाच्या बाहीतून माझी फक्त नखं बाहेर येत होती. नारळ घेताना भटजींनी मला तीनदा विचारलं, "हात कुठाय आपला?"

साखरपुडा उत्तम झाला. फोटोही चांगले आले. भार्गवीच्या सासरी दिवाणखान्यात त्यातला एक लावला आहे. जो पाहुणा येतो, तो त्या कोटापाशी थांबतो आणि हळू आवाजात विचारतो, "तेव्हा फार आजारी होते का हो तिचे वडील? अगदीच आटलेत."

असंच एकदा कोणी विचारलं तेव्हा आम्ही दोघं तिथे होतो. मी काय सांगावं याचा विचार करत होतो. रत्नमालेने पापणीही न हलवता सांगितलं, "हो ना. टायफॉइड."

मी लगेच थोडं खोकून घेतलं.