आवाज दमतो, मास्तर!

लग्नमंडपात शिरलं की माणसं आधी नवरीकडे बघतात. काही अनुभवी माणसं आधी जेवणाच्या टेबलांकडे बघतात. आमचे हरेश्वरभाऊ कमरेत वाकून स्टेजच्या मागे बघतात. तिथे डीजेच्या वायरी असतात.

मागे पालघरला एका लग्नात मी मुलीच्या बापाशेजारी उभा होतो. अक्षता पडून गेल्या होत्या, बाप बिचारा जरा श्वास घेत होता. तेवढ्यात स्टेजमागून हरेश्वरभाऊ आले. हातात नेलकटर, चेहऱ्यावर सुतक. बापाच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाले, "वरनं नुसतं पाणी चढवलंय. आतनं खोटं. फसवलं तुमाला."

बाप जो सुटला तो थेट मुलीकडे! मुलाकडच्यांनी घातलेला हार त्याने तिच्या गळ्यात धरून उलटापालटा केला. सोनार बोलवायचीच वेळ आली होती. मी दोन्ही व्याह्यांच्या मध्ये उभा राहून घसा फोडून सांगितलं, की अहो, ते वायरीबद्दल बोलतायत! वायर तांब्याची दिसते, पण आत ॲल्युमिनियम आहे, एवढंच त्यांचं म्हणणं!

"एवढंच?" हरेश्वरभाऊ मलाच म्हणाले. "मास्तर, स्टेजपासनं त्या टोकाच्या स्पीकरपर्यंत अंतर बघा. वायर बघा. शेवया जाड असतात हिच्यापेक्षा. आवाज दमतो वो वाटेत!"

'आवाज दमतो' हा हरेश्वरभाऊंचा मंत्र. पालघरजवळच्या माहीमला आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक जास्वंदीचं कुंपण आहे, आणि हा मंत्र त्या कुंपणावरून माझ्याकडे रोज येतो.

त्यांनी जन्मभर बोईसरच्या एका केमिकल कंपनीत पाळ्या केल्या. निवृत्त झाल्यावर लोक सत्यनारायण घालतात, काशीला जातात. ह्यांनी स्टिरिओ आणला. एक ॲम्प्लिफायर आणि कपाटाएवढे दोन लाकडी स्पीकर. वहिनी तेव्हा होत्या. त्या म्हणायच्या, "दोन सवती आणल्यात. दोघींना भिंत हाय टेकायला, मलाच नाय." वहिनी जाऊन आता काही वर्षं झाली. मुलगा गुजरातेत असतो. मनोरवरून हायवेने येतो, चहा पितो आणि मनोरवरूनच परत जातो.

त्यांच्याकडे गाणं ऐकायला जाणं म्हणजे ऑपरेशनला जाणं. ओटीवरच्या लादीवर खडूची फुली आहे. फुलीवर खुर्ची, खुर्चीवर पाहुणा, आणि पाहुण्याचं नाक दोन स्पीकरांच्या बरोब्बर मध्ये. मी एकदा डास मारायला मान वळवली, तर भजन थांबवून म्हणाले, "मास्तर, नाक हललं."

असा हा माणूस. त्याने एक दिवस ही स्पीकरांची जोडी फोडली, तेव्हा मी कुंपणापाशी दात घासत होतो. ब्रश तोंडातच राहिला.

झालं होतं असं. वाडीच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीच्या आणि नारळीच्या रांगांच्या पलीकडे, त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर आहे. नाव ताराबाय, पण ते नुसतं 'बाय' म्हणतात. आई लवकर गेली, तेव्हा ह्याच बायने डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन भावाला वाढवलं. आता वय झालंय, जीभ मात्र तरणीताठी. गेल्या पावसाळ्यात ती मागच्या पडवीत घसरून पडली. हाक मारत होती, पण ऐकणार कोण? मासळीवाली आली तेव्हा कळलं. कंबर वाचली, काठी मात्र आली.

तेव्हापासून हरेश्वरभाऊंचं एकच टुमणं. "बाय, माझ्याकडे राहायला ये."

"तुझ्या त्या खोक्यांच्या मधी? मी माझ्या घरात मरेन, पण त्या फुलीवर नाय बसायची."

मोबाइल आणून दिला. तिने तो तांदळाच्या डब्यात ठेवला. गळ्यात अडकवायची शिट्टी आणून दिली. ती म्हणाली, "मी काय कंडक्टर हाय?" आणि शेजारणीच्या नातवाला देऊन टाकली.

आणि मग त्या सकाळी हरेश्वरभाऊंनी एक स्पीकर हातगाडीवर चढवला.

"कुठे?" मी फेसासकट ओरडलो.

"बायकडे. भजनं ऐकेल सकाळ-संध्याकाळ. इथनं लावीन, तिकडं वाजेल."

मी तोंड धुऊन त्यांच्यामागे धावलो. म्हटलं, "अहो, तिला छोटा ब्लूटूथ घेऊन द्या. वायरीची भानगडच नको."

ते थांबले. माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देवळात चपला घालून शिरलो होतो. "हवेतनं खोकला येतो मास्तर. आवाज नाय."

दुपारी आम्ही बोईसरला. नवापूर नाक्याच्या बाजूला इलेक्ट्रिकचं एक दुकान आहे, तिथला तरुण मालक उत्तरेकडचा. त्याने स्पीकरची नेहमीची वायर काढली. लाल-काळी, लग्नातल्या शेवयांची बहीण. हरेश्वरभाऊंनी नेलकटर काढलं.

"चाचा, काटना नहीं!"

"काटता नहीं, बघता हाय." ही त्यांची हिंदी. खरवडून झालं, मान हलली. "इससे मोटा."

त्याने जाड दाखवली. "इससे मोटा." त्याने आणखी जाड दाखवली. "इससे मोटा." शेवटी दुकानदार शिडी लावून माळ्यावर चढला आणि तिथून खाली बघत म्हणाला, "चाचा, घर में लगाना है कि बिजलीघर में?"

हरेश्वरभाऊंनी त्याला काउंटरवर बसवून समजावलं. विहिरीचं पाणी अंगणातल्या जास्वंदीला घालायचं तर बारकी नळी चालते. तेच वाडीच्या टोकाला न्यायचं तर पाइप मोठा लागतो. नाहीतर पंप इथे बोंबलतो आणि तिकडे थेंब पडतो. आवाजाचं तेच. अंतर वाढलं की वायर जाड झाली पाहिजे, आणि अस्सल तांबं पाहिजे. नाहीतर आवाज...

"थक जाता है," दुकानदार म्हणाला. हरेश्वरभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं वाक्य पुरं केलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ते हरेश्वरभाऊ कसले? त्यांनी तेवढीच वायर आणखी घेतली. घरातल्या स्पीकरसाठी. तो ॲम्प्लिफायरपासून हातभर अंतरावर!

"तो लांब गेला म्हणून त्याला जास्त, हा जवळ हाय म्हणून ह्याला कमी? दोघांना सारखं. एकाचा आवाज आधी आणि एकाचा मागनं, असं आपल्याकडे नाय चालत."

त्या हातभर अंतरासाठी घेतलेल्या वायरीचं वेटोळं आजही त्यांच्या खुर्चीखाली आहे. नवा माणूस ते बघून पाय वर घेतो.

वायर ओढायचा सोहळा मी विसरणार नाही. नारळीपासून नारळीला, तिथून विहिरीच्या खांबाला, तिथून बायच्या अंगणात रोवलेल्या दोन बांबूंना आणि मग वळचणीला. कुठेही झोळ नको. "झोळ पडला की वाऱ्यानं हलते, हलली की तुटते." बायच्या अंगणात ती अशी ताणून बसली, की बोटाने छेडली तर सूर लागावा. उंची हाताला येईल एवढी. वर ऊन, समोरून समुद्राचा वारा.

बायने काठीवर हनुवटी टेकून ती वायर वरपासून खालपर्यंत बघितली. डोळ्यांत एक चमक आली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून किंचाळी ऐकू आली. मी धावलो. हरेश्वरभाऊ बायच्या अंगणात डोक्याला हात लावून उभे. वायरीवर या बांबूपासून त्या बांबूपर्यंत बोंबील! जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने, शिस्तीत वाळत घातलेले. आमच्याकडे बोंबील वाळवायला दोन बांबूंमध्ये दोरी ताणतात, तिला वलांडी म्हणतात. बायच्या नजरेतून बघाल तर एवढी मजबूत, एवढी ताठ वलांडी अख्ख्या किनाऱ्यावर नव्हती.

"बाय! ही अस्सल तांब्याची वायर हाय!"

"मग? बोंबलांना तांबं चालत नाय?"

"आवाज जातो तिच्यातनं!"

"जाऊ दे की. बोंबील कुठं अडवतात? आतनं तुझं भजन जाईल, वरनं माझे बोंबील वाळतील."

मी मध्ये पडायचा प्रयत्न केला. म्हटलं, "बाय, अहो, भजनाच्या वायरीवर मासळी..."

"मास्तर, तुमाला सुके बोंबील नको का मग?"

मी मागे सरलो. माणसाने कुठे मध्ये पडावं याला मर्यादा असते.

बोंबील आले म्हणजे मांजरं आली. आणि एका दुपारी मी ओटीवर पेपर वाचत असताना हरेश्वरभाऊ जेवणाच्या पानावरून उठले आणि उष्ट्या हाताने, अनवाणी, वाडीतून धावत सुटले. या वयाचा माणूस इतका जोरात धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी मागोमाग. बायच्या अंगणात पोहोचलो, तर वळचणीपाशी मांजरीने उडी मारून वायर सांध्यातून तोडलेली, आणि बाय शांतपणे बोंबील उलटे करत बसलेली.

हरेश्वरभाऊ बांबूला धरून नुसते धापा टाकत होते.

"मेला, वायर तुटली म्हणून एवढा रडतो!" बाय म्हणाली. "मी तुटले असते तर काय केलं असतंस?"

ते उष्ट्या हातानेच वायर जोडायला बसले. मला मात्र चुटपुट लागली. भजनाची वेळ सकाळ-संध्याकाळची. भरदुपारी, गाणं चालू नसताना, वायर तुटल्याचं ह्यांना घरात बसून कळलं कसं?

उत्तर मिळालं ते त्याच आठवड्यात. संध्याकाळी भजन संपल्यावर मी त्यांच्याकडून शिडी आणायला गेलो. ॲम्प्लिफायरचा दिवा चालू, गाणं बंद. हरेश्वरभाऊ फुलीवर नव्हते. खुर्ची ओढून उरलेल्या एकुलत्या स्पीकरला कान लावून बसले होते. मी तोंड उघडणार, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

स्पीकरमधून वाऱ्यासारखी बारीक घरघर येत होती. मग त्यातून काठीची टकटक. मग भांड्यावर भांडं. मग एक खोकला.

"ही..." मी कुजबुजलो, "ही बाय?"

त्यांनी ॲम्प्लिफायरशेजारी बसवलेल्या एका छोट्या बटणाकडे बोट दाखवलं. "स्पीकर उलटा पण चालतो मास्तर. बोलतो तसा ऐकतो पण. हे दाबलं की तिची वायर माइकच्या भोकात जाते. तिकडचं इकडं येतं. जेवताना पण चालू ठेवतो. परवा दुपारी एकदम बंद पडलं." मग मान खाली घालून म्हणाले, "परत पडली तर? त्या दिवशी ती हाका मारत होती आणि मी इथं दोन स्पीकरांच्या मधी नाक धरून बसलो होतो. तिला सांगू नका. शिट्टीसारखं हे पण देऊन टाकेल कुणाला."

"म्हणून एवढी जाड वायर?"

"जाताना दमतो तसा येताना पण दमतो. आणि म्हातारीचा आवाज तर निघतानाच दमलेला असतो."

मी पण वाकून स्पीकरला कान लावला.

स्पीकरमध्ये काठी जवळ आली. खुर्ची सरकली. आणि अगदी कानाशी बसून बोलावं तसा बायचा आवाज आला.

"हऱ्या, खोक्यात टक् वाजलं. बसलास ना कान लावून?"

हरेश्वरभाऊंचा चेहरा चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा झाला.

"रोज टक् वाजतं, रोज मी खोकून दाखवते. तुला बरं वाटतं म्हणून. माझी कंबर बरी हाय. तू एकटा जेवतोस, तुझं काय?" काठी एकदा जमिनीवर आपटली. "आणि डाळ उतरव. काल पण करपवलीस. वारा तिकडनं हाय, मला वास येतो."

ते बटणाकडे हात नेत होते आणि मागे घेत होते. बटण दाबलं तर भजन लावून तिला उत्तर देता आलं असतं, पण मग तिचं ऐकू आलं नसतं. हात तिथेच थांबला.

मग त्यांनी बनियनने तोंड पुसलं, उगाचच डोळ्यांपासून सुरुवात करून, आणि माझ्याकडे वळून फुशारकीने म्हणाले, "बघितलंत मास्तर? एक अक्षर दमलं नाय."

आणि डाळ उतरवायला आत धावले. ती खरंच करपली होती.