ओरिसा फुडं का युपी

बबनआबांना "काय आबा, बरं आहे ना?" असं विचारलं, की ते स्वतःच्या तब्येतीबद्दल अवाक्षर काढत नसत. काठी जमिनीवर टेकवून, डॉक्टरनं रिपोर्ट वाचावा तशा गंभीर आवाजात सांगायचे, "आज ओरिसा फुडं हाये."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, क्रिकेट. आंबीच्या शाळेत बदली होऊन मला आठवडाही झाला नव्हता. राहते तळेगावात, रोज स्कूटरनं ये-जा. शाळेच्या अलीकडच्या वळणावर टोपी-धोतरातले हे म्हातारे गृहस्थ उभे असायचे. ओळख वाढवावी म्हणून मी तब्येत विचारली, तर हे उत्तर. मी म्हटलं, "आबा, मी मॅच नाही बघत."

"म्याच न्हाई वो बाई," आबा म्हणाले. "मानसं."

मग त्यांनी मला त्यांची माणसं दाखवली. आबांची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली होती. उरलेल्या तुकड्यावर मागं थोडं भात आणि पुढं भाड्याच्या सोळा खोल्या. आठ डावीकडं, आठ उजवीकडं, मध्ये अंगण आणि एक नळ. डाव्या लाईनीत सगळे ओडिशाचे, उजव्या लाईनीत सगळे उत्तर प्रदेशचे. दोन्हीकडचे पुरुष आसपासच्या कारखान्यांत. अंगणाच्या टोकाला आबांची बाज अशी टाकलेली, की मान न वळवता दोन्ही लाईनी दिसाव्यात. तिथं बसून आबा दिवसभर एकच काम करायचे. पोट भरायला आलेल्या या दोन मुलखांतल्या माणसांपैकी जास्त वर कोण आलं, हे ठरवायचं.

"तुमी कुटल्या बाई?" त्यांनी मला तेव्हाच विचारलं होतं.

"बार्शीची."

"म्हंजे तुमी बी भायरून आलेल्याच." त्यांनी मला क्षणभर न्याहाळलं. मी ताठ उभी राहिले, उगाच. "पन तुमी येकट्याच हायेत. तुमचं काय धरता येत न्हाई."

हे ठरवायच्या त्यांच्या पद्धती ऐकल्या की माझं डोकं गरगरायचं. सुरुवातीला दाराबाहेरचं पायताण. चप्पल म्हणजे मागं, बूट म्हणजे पुढं. त्या हिशेबानं युपी पंधरा दिवस पुढं होती. मग कळलं, की ते बूट कंपनीचे, पायावर लोखंड पडू नये म्हणून सगळ्यांनाच देतात. ओडिशावाले फक्त ते खोलीत आत काढायचे. पायताण बाद.

मग कुकरच्या शिट्ट्या. सकाळी उजवीकडं शिट्ट्यांचा नुसता गजर आणि डावीकडं सामसूम. आबा दोन दिवस चिंतेत. "बाई, ओरिसाच्या घरात आन्न शिजंना." मी चौकशी केली. उन्हाळ्यात ही माणसं रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीबरोबर खातात, पोटाला गार पडतो. हे सांगितल्यावर आबांचा चेहरा असा काही उजळला, की जणू त्यांच्याच घरात अन्न शिजलं. "मंग शिट्टीला काय आर्थ न्हाई," म्हणाले. शिट्टी बाद.

सुट्टीला गावी जाणं हा तर भयंकर गुंता होता. युपीवाले होळीला झाडून सगळे गावी गेले. आबा म्हणाले, गावी जातात म्हणजे गावी काहीतरी आहे, म्हणजे युपी पुढं. दुसऱ्या दिवशी वळणावर मला अडवलं. रात्रभर विचार केलेला दिसत होता. "पन ओरिसावाले गेले न्हाईत. म्हंजे त्येंचं हितं कायतरी हाये. मंग फुडं कोण?" मी पंधरा वर्षं गणित शिकवते आहे. फळ्यावर मांडूनही मला ते सुटलं नाही.

एकदा ते म्हणाले, "ओरिसाच्या बाया प्याकिंगला जायला लागल्या. आता बाई कामाला जाती म्हंजे घरात चनचन म्हनायची का चलती म्हनायची?"

"मी जाते की कामाला, आबा."

त्यांनी माझ्या स्कूटरकडं पाहिलं, पर्सकडं पाहिलं, पायांतल्या चपलांकडं पाहिलं. "तुमचं बी न्हाई कळत मला," म्हणाले आणि खरंच दुःखी झाले.

शाळेतही ते यायचे. खिडकीच्या गजांना धरून उभे राहायचे. डाव्या लाईनीतल्या मिनतीची मुलगी पिंकी माझ्या चौथीच्या वर्गात होती, आणि उजव्या लाईनीतल्या रामसुमेरचा शिवमही. शिवम पाढ्यांत पहिला, पिंकी शुद्धलेखनात. ओडिशाची पोरगी जोडाक्षरं आमच्या गावच्या पोरांपेक्षा सुबक काढायची. मी तिची वही आबांना दाखवली. त्यांनी ती उलटी धरली. अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं, "हिच्या आयबापाला येतं का मराठी लिवायला?" मी नाही म्हटलं. "म्हंजे पोरं मागं पडत न्हाईत," ते स्वतःशीच पुटपुटले. "आय-बाप कुटं बी असू द्या."

मला वाटलं, आबा ओडिशाच्या बाजूचे आहेत. तसं म्हणावं तर ते ओडिशावाल्यांवरच जास्त डाफरायचे. नळ चालू राहिला, की हाक डावीकडं. कुणी पिऊन आला, की काठी डावीकडं. रामसुमेर पिऊन आला तर म्हणायचे, "चालायचंच." आणि इतकं करून, पावसाळ्याआधी पत्रे बदलले ते मात्र डाव्या लाईनीचे! गळत होती उजवी.

रामसुमेर तक्रार घेऊन आला तेव्हा मी तिथंच होते. "आबा, पानी तो हमारे यहाँ टपकता है।"

"तुम आगे है," आबा त्यांच्या हिंदीत म्हणाले. "जो पीछे है उसको हात देना पडता है."

महिनाभरानं आबांनी स्वतःच जाहीर केलं, की ओरिसा पुढं गेला. रामसुमेर त्याच संध्याकाळी हजर. "आबा, अब तो हम पीछे हैं।" आबांनी उजवीकडच्या पत्र्यांकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पत्रेवाला आला.

मी आबांच्या बायकोला, हौसामावशींना विचारलं, की आबांच्या मनात नेमकं आहे तरी काय. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोडा वो बाई. त्येंचं त्यास्नीच कळत न्हाई." आणि मग सुपातला निवडलेला तांदूळ त्यांनी पुन्हा निवडायला घेतला. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. पण मी सुपाकडं पाहिलं, मावशींकडं पाहिलं नाही.

या आषाढात जवळच्या एका कारखान्यानं माणसं कमी केली. डाव्या लाईनीतले बहुतेक तिथंच होते. आठवडाभर इकडंतिकडं काम शोधलं, मग एकेक खोली रिकामी व्हायला लागली. पत्र्याच्या पेट्या, गुंडाळलेली गादी, पंखा, एका पोराची तीनचाकी सायकल. आठांतल्या सहा दारांना कुलपं लागली. मिनती पिंकीचा दाखला न्यायला शाळेत आली. आबा तिच्या मागोमाग आले आणि दाराशी उभे राहिले. मी दाखला भरला, गावाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, ब्रह्मपूरच्या पुढचं कुठलं तरी छोटं गाव. मी नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं.

तर ते नाव दाराशी उभ्या असलेल्या आबांनी सांगितलं. अगदी स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून.

मी चमकून पाहिलं, पण ते निघून गेले होते.

त्यानंतर ते वळणावर दिसेनात. रविवारी दुपारी माझ्या तळेगावच्या घराची बेल वाजली. दारात आबा. आंबीहून दोन रिक्षा बदलून, पत्ता विचारत विचारत आले होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"बाई, तुमच्या फोनात बगा. कारखान्यातून माघारी गेल्याली मानसं तितं खात्यात काय?"

"कुठं, आबा?"

"ओरिसात. त्या गावात."

मी म्हटलं, एवढं बारीक फोनमध्ये नसतं. तेव्हा ते बसले. गुडघ्यावरची धोतराची घडी सारखी करत राहिले. आणि मग जे सांगितलं, ते बार्शीच्या बाईला गावानं दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

आबांना एक मुलगी होती. होती म्हणजे आहे. सुवर्णा. आठ वर्षांपूर्वी डाव्या लाईनीतल्या तिसऱ्या खोलीत प्रफुल्ल नावाचा फिटर राहायचा. सुवर्णानं त्याच्याशी लग्न केलं आणि त्याच्या गावी निघून गेली. आबांनी जाताना तिला सांगितलं, की आता मेलीस तरी कळवू नको. तिनं शब्द पाळला. तिनं कळवलं नाही, आबांनी विचारलं नाही.

"गाव म्हनलं, त्या समद्यांना हाकला खोल्यांतून," आबा म्हणाले. "मी न्हाई हाकललं. उलट त्येच्याच गावचा मानूस आला, की त्येला खोली द्यायचो. गावाला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

"म्हणजे तुम्ही त्यांच्याकडं बघून..."

"तिचं कसं चाललं आसंल ते बघायचो."

माझा गोंधळ तरीही पुरता सुटला नव्हता. "मग आबा, उत्तर प्रदेशच्या लोकांचं काय काम होतं यात?"

शाळेच्या बाईला एवढंही समजू नये, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "येकट्या ओरिसाकडं बघून काय कळनार? चांगलं चाललंय का वंगाळ, ते शेजारी दुसरं ठेवल्याबिगर समजत न्हाई. तराजूला दोन पारडी लागत्यात का न्हाई?"

"पण आबा, सरळ तिलाच विचारायचं ना."

"इचारायला तोंड कुटं ठेवलंय मी?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लोकांचं इचारायला काय लागतंय. लोकांचं कुनी बी इचारतं."

त्यांनी बंडीच्या खिशातून घामानं मऊ पडलेला कागद काढला. पिंकीच्या आईनं जाताना दिला, म्हणाले. त्यावर फोन नंबर होता आणि खाली 'सुवर्णा मावशी'. त्यातलं 'र्ण' इतकं सुबक, की मला ते कुणाचं अक्षर हे सांगावं लागलं नाही. पिंकी तिला ओळखत होती. मिनती ओळखत होती. म्हणजे सगळी डावी लाईन गावी जाऊन-येऊन तिला भेटत असणार. आणि आबा आठ वर्षं त्यांच्या शिट्ट्या मोजत बसले, पण तिचं नाव काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

मी विचारलं, "लावू?"

त्यांनी कागद माझ्या फोनशेजारी ठेवला. मी लावला आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. बराच वेळ वाजला. मग एक बाईचा आवाज आला, मला न कळणाऱ्या भाषेत. आबा फोनकडं बघत राहिले. आवाजानं पुन्हा काहीतरी विचारलं. आबांना खोकला आला. तो त्यांनी दाबला, तरी निघाला.



"आबा?"

आबांनी तोंड उघडलं. आता ते काय बोलणार, माफी मागणार की रडणार, या विचारानं मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढं सरकवला.

"लावनी झाली का?" आबांनी विचारलं.

"झाली आबा," ती म्हणाली. आवाज ओला होता, पण उत्तर लगेच आलं. "परवाच झाली. दोन दिस मीच व्हते चिखलात."

"पानी हाये का?"

"हाये. लय हाये. हितली जमीन सपाट, आपल्यावानी उतार न्हाई. पानी हालतच न्हाई."

"मंग बांध फोडून जरा वाट द्यायची. रोपं कुजतील."

"दिली आबा. तुमी द्यायचा तशीच दिली. ही मानसं मला हसत व्हती आधी. आता आजूबाजूचे बी देत्यात."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा फोनकडं. रोपं किती बोटं अंतरावर लावली, खेकडे बांध पोखरतात का, औताला बैल आहे की ट्रॅक्टर, हे सगळं त्यांनी विचारलं. प्रफुल्लला इथून काम सुटल्यावर पुढं काय मिळालं, खोल्या किती, मुलं किती, यातलं काहीच विचारलं नाही. तिनं मध्येच आपणहून सांगितलं, की मुलगा सहा वर्षांचा आहे. आबा "बरं" म्हणाले आणि पुन्हा बांधाकडं वळले.

मग दोघांचं बोलणं संपलं. भाताबद्दल विचारण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही. पण फोन तिनं ठेवला नाही, आबांना ठेवता येत नव्हता, आणि मला ठेवायचं धैर्य झालं नाही. पलीकडं तिचं घर तसंच चालू राहिलं. भांडं सरकवल्याचा आवाज, कोंबडी हुसकावल्याचा, एक पोरगं आईला काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होतं आणि ती त्याला हळू आवाजात उत्तर देत होती. त्यातला एकही शब्द आबांना कळत नव्हता. ते पुढं झुकून, कान टेबलाजवळ नेऊन, ऐकत बसले होते.

मी उठून पंखा बंद केला.