स्फटिकपेठेंतील रित्या घराची हकीकत

श्रीसूक्ष्मशक्ति समर्थ. तिचे चरणीं मस्तक ठेवोन, डोळां देखिलें तें देखिलेंसें आणि कानीं आलें तें ऐकिलेंसें लिहितों. पदरचें कांहीं घालीत नाहीं, घातलें असल्यास तें माझे म्हातारपणाकडे लावावें. शके अठराशें एकोणसाठ, ईश्वरनाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमीचे दिवशीं स्फटिकपेठेवर अरिष्ट आलें, तें कैसें आलें आणि कोणामुळें टळलें, ऐसें साहेबीं पुसिलें. त्यावरून लिहिणें जाहलें.

पेठ मोहरीच्या दाण्यांत मावेल इतुकी, परंतु वस्ती अपरंपार. अणूंचीं घरें रांगेनें, घराशीं घर लागोन, आणि घरोघर एक एक इलेक्ट्रॉन नांदत असे. हे लोक सारे एका सांच्याचे. नाकीं, डोळीं, बोलीं तिळमात्र भेद नाहीं, नांव तर कोणासच नाहीं. पगडी मात्र कोणी सुलटी घाली, कोणी उलटी, आणि शेजाऱ्यानें शेजाऱ्याहून विरुद्ध घालावी ऐसी जुनी चाल होती. घरास जागा दोन. दोन असामी राहाव्यात, तिसऱ्यास ठाव नाहीं. आणि दोघांच्या पगड्या भिन्न असाव्यात, हा तर ब्रह्मदेवाचा कायदा, तेथें राजाचेंही चालत नाहीं. पेठेचे धनी महाराज, त्यांचे देवघरीं दिवा होता, तो ऐसा कीं पेठेंतील लोक चालते जाहले म्हणजे लागावा. मग महाराजांनीं दरबारचे गणक नीळो अनंत यांस पुसिलें कीं, लोक चालतील काय? नीळोपंत विद्वान, परंतु पेठेंत कधीं पाऊल ठेविलें नव्हतें. त्यांनीं गादीवर बसोन गणित मांडिलें कीं, घरास जागा दोन, राहणार एक, म्हणजे निमी पेठ रिकामी. आणि प्रत्येक असामी एकटीच आहे, दुसऱ्याची तिला बाधा नाहीं, ऐसें धरिलें, आणि लिहोन दिलें कीं बेलाशक चालतील. पाण्यांत म्हैस आणि बाहेर मोल, दुसरें काय!

मग महाराजांनीं हुकूम सोडिला कीं, चला. पेठ हालली नाहीं. मग महाराजांनीं जोर लाविला, आणि आणखी लाविला, तरी एक असामी घराबाहेर आली नाहीं, आणि दिवा काळाच राहिला. तेव्हां महाराज कोपले आणि बोलिले, "जागा असोन चालत नाहींत, म्हणजे हे फितूर आहेत. तिसरे प्रहरीं पेठ मुशींत घालोन वितळवावी." हें नीळोपंतांनीं ऐकिलें. आपल्या लिहिण्यावरून लक्षावधि घरें बुडतात, हें त्यांस कळलें, आणि भोजनाचें पान तसेंच टाकोन पंत अनवाणी पेठेंत गेले.

पहिल्याच घरीं उलट्या पगडीचा एक रहिवासी उंबऱ्यावर उभा होता. पंत म्हणाले, "बाबा, शेजारीं जागा आहे, जात कां नाहीं?" तो म्हणाला, "पंत, जागा आहे हें खरें. परंतु शेजारीं माणूसही आहे. मी आंत गेलों म्हणजे त्याचा जीव गुदमरतो आणि माझाही. आम्हां एकमेकांचा तिटकारा जन्मजात आहे, त्यास आम्ही काय करावें? येथें सारे तैसेच अडकले आहेत. कोणी फितूर नाहीं." पंत म्हणाले, "मी तुम्हांस एकेकटे धरिलें. माझें चुकलें." तो म्हणाला, "चुकलें खरें. आतां रडत बसों नये. आमच्यांतून एक निघोन गेला तर त्याचें घर रितें पडेल. शेजारी त्यांत जाईल, मग त्याचें रितें पडेल, मग त्याचा शेजारी सरकेल, ऐसी सारी पेठ चालती होईल. वेशीबाहेर परक्या अणूचें ठाणें आहे, तेथें एक असामी उणी आहे. परंतु तेथें गेला तो तेथेंच राहतो, परत येणें नाहीं." पंतांनीं पुसिलें, "कोण जाईल?" तो म्हणाला, "जाईल कोणी. आपण जाऊन महाराजांस थांबवावें."

मग पंत धांवत दरबारीं गेले, आणि मूस तापली होती, आणि पंतांनीं भर दरबारीं पगडी काढोन सांगितलें कीं, अपराध पेठेचा नव्हे, गणिताचा आहे आणि तें मीं केलें. वितळवावयाचें तर मजला वितळवावें. महाराज कांहीं बोलणार, तों देवघरांतील दिवा लागला. मंद लागला, परंतु लागला. मग कोणी एक घर सोडोन ठाण्यास गेला म्हणोन दिवा लागला, हें पंतांनीं सांगितलें. महाराजांनीं मूस विझविण्याची आज्ञा केली, आणि गेला त्याचेसाठीं मानाचा पोशाख पंतांचे हातीं दिला.

पंत पोशाख घेऊन पेठेंत आले, तों पहिल्या घरीं कोणी उभा होता. पंतांनीं पुसिलें, "मजशीं बोलिलास तो तूंच काय?" तो म्हणाला, "असेन." दुसरे घरीं पुसिलें, तेथेंही तेंच उत्तर. ते लपवीत होते ऐसें कोणी म्हणों नये. त्या लोकांत हा कोण आणि तो कोण ऐसा भेदच नाहीं. मग पंतांनीं मनीं आणिलें कीं, गेला त्याचें घर तरी धुंडावें आणि तेथें पोशाख ठेवावा. रितेपण जेथून सरकत गेलें तेथें पगड्यांचा क्रम मोडला होता, त्या मागानें पंत चालिले, आणि घर सांपडे तों शेजारी आंत शिरे आणि रितेपण पुढें जाई. वेशीबाहेर ठाण्यावरही पंत गेले. तेथें सारे एकासारिखे एक, नवा कोण आणि जुना कोण हें ठाणेदारासही सांगतां येईना. पंतांस रडूं आलें. शेवटीं एका उंबऱ्यावर बसले असतां घरचा रहिवासी म्हणाला, "पंत, किती फिराल? गेला तो आम्हांसारिखाच होता. पोशाख आमच्यांतील कोणासही द्यावा." पंत म्हणाले, "परंतु तो येथें नाहीं." तो म्हणाला, "नाहीं."

येणेंप्रमाणें पेठ वांचली, देवघरीं दिवा आजही तेवत आहे. नीळोपंतांनीं जुनें गणित फाडोन नवें केलें, त्यांत प्रत्येक असामीबरोबर तिचा शेजारी मांडिला, आणि तें बरोबर येतें ऐसें जाणते म्हणतात. पंत पुढें अकरा वर्षें वांचले आणि रोज पोशाख हातीं घेऊन पेठेंत जात. तो अंगावर घालावा ऐसा कोणी त्यांस भेटला नाहीं.