महाराजांच्या स्वारीने रोहित पक्षी पाहिले त्याची हकीकत

श्रीजलेश्वर प्रसन्न. जळी, स्थळी, आकाशी नांदणाऱ्या सकळ जीवांस नमन करून लिहितो ऐसे जे, शके सतराशे एकोणसत्तर, प्लवंग नाम संवत्सरी, माघमासी, एका राज्यात (राज्याचे नाव पुसू नये, तेथील माणसे अद्याप मानी आहेत) वर्तमान वर्तले ते येणेप्रमाणे.

राजधानीबाहेर पाणथळीचे मोठे तळे होते आणि तेथे दर हिवाळ्यास लांब पायांचे रोहित पक्षी थव्यांनी उतरत आणि त्यांची राखण बहिरोपंत नामे गृहस्थ करीत. पंतांचा जीव त्या तळ्यात इतका गुंतला होता की त्यांची बायको म्हणे, "माझ्या लुगड्याचा रंग यांस ठाऊक नाही, बगळ्याच्या चोचीचा विचारा." मग दिवाण येसाजीराव यांचे मनात आले की बांध फोडून तळे कोरडे करावे आणि तेथे ऊस लावावा, आणि त्यांनी महाराजांचे कानी घातले की पक्षी आताशा येतच नाहीत, पंत नुसती डासांची राखण करितात. महाराज न्यायी. बोलते जाहले, "आम्ही जातीने पाहू. पक्षी दिसले तर तळे राहील, न दिसले तर बांध फोडावा." 

पक्षी तर आले होते, भय स्वारीचेच होते. कारण की महाराज जेथे जात तेथे पुढे नगारा झडे, आणि नगारा ऐकून रोहित काय बसून राहणार? मग पंतांनी नगारची धोंडजी यांचे पाय धरले आणि म्हणाले, "दादा, एवढी एक स्वारी मुकी येऊ द्या." धोंडजी म्हणाले, "पंत, मुका नगारा म्हणजे अपशकुन. पण तुमचे तोंड पाहवत नाही. येताना हात आवरीन, जा."

त्याप्रमाणे स्वारी मुकाट आली आणि महाराज लव्हाळ्याच्या आडोशास विराजमान जाहले. पलीकडच्या काठास पक्षी पंख मिटून, पांढुरके, दाटीने उभे होते. आता महाराजांची नजर लांबचे पाहण्यास अधू, हे सर्वांस ठाऊक आणि बोलण्याची कोणाची छाती नव्हती. म्हणून दुर्बीण आणिली. परंतु दरबारचा रिवाज ऐसा की कोणतीही वस्तू महाराजांचे हाती थेट देऊ नये, मानकऱ्यांनी पारखून मग पुढे करावी. पंतांनी नळी नेमकी बसवून दिली, ती सेनापतींनी डोळ्यास लावून आपल्या नजरेजोगी फिरवली, मग राजवैद्यांनी आपल्या नजरेजोगी फिरवली, आणि दिवाणांनी, मुद्दाम की कसे देव जाणे, चांगले दोन वेढे दिले. महाराजांनी पाहिले आणि म्हणाले, "पंत, आम्हास तर नुसते ताक दिसते."

"महाराज, नळी जरा..." पंत बोलू लागले, तो चोपदार गुरकावला, "धन्याच्या नजरेस दोष देता?"

दिवाण हात जोडून म्हणाले, "सरकार, जे नाहीच ते कसे दिसावे?"

"चला तर," ऐसे बोलून महाराज खिन्न मनाने उठले. आणि महाराज उठले म्हणजे कूचाचा नगारा. येतानाचा नगारा पंतांनी बंद करविला होता, जातानाचा सांगावयाचा राहून गेला होता. धोंडजींनी सकाळपासून आवरलेले हात मोकळे सोडले आणि नगारा ऐसा कडाडला की पंतांनी डोळेच मिटले आणि मनात म्हणाले, आटोपले, होते तेही उडाले.

उडाले खरेच. मात्र पंख उघडताच आतला लाल-गुलाबी रंग फाकला आणि सारा थवा स्वारीच्या डोक्यावरून ऐसा गेला की ऊन झाकले आणि दुर्बिणीचे काही काम उरले नाही. महाराज लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले. दिवाण म्हणाले, "सरकार, संध्येचा ढग असावा," आणि भर दुपारी हे बोलताहेत तोच त्यांच्या पगडीवर वरून पांढरा ओघळ पडला.

महाराज म्हणाले, "दिवाणजी, तुमचा ढग नेम बरा धरतो! बांधास हात लावाल तर खबरदार."

मग थव्याने आकाशात फेरा घेतला आणि पुन्हा पाण्यात उतरला, तेव्हा पंतांचा जीव भांड्यात पडला आणि ते चिखलातच बसून आनंदाने रडले, आणि धोंडजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत राहिले.

सारांश, तळे राहिले, पक्षी राहिले आणि पंतही राहिले. दिवाणांची पगडी तेवढी धुवावी लागली, आणि जवळ दुसरे पाणी नसल्याकारणे ती त्याच तळ्यात धुतली. इति.